गाडीचं ऑनिंग: उन्हात उपयोगी, वादळात धोक्याचं

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत धरणाच्या काठी सहलीला गेलं की पहिला प्रश्न सावलीचा असतो. झाड मिळालं तर ठीक, नाहीतर गाडीत एसी लावून बसावं लागतं. यावरचा उपाय म्हणून आता अनेक जण गाडीच्या टपाला ऑनिंग लावून घेतात. पण ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे नीट समजून घेतलं नाही तर सहल अंगाशी येऊ शकते.

ऑनिंग म्हणजे काय?

ऑनिंग म्हणजे गाडीच्या टपाला बाजूने जोडलेलं गुंडाळीचं छत. प्रवासात ते लांबट पिशवीत बंद असतं. मुक्कामावर चेन उघडून कापड बाहेर ओढायचं, दोन पाय जमिनीवर टेकवायचे आणि दोर ताणून बांधायचे. सराव झाला की पाच-दहा मिनिटांत काम होतं. यात्रेला आलेली मंडळी बंडीला ताडपत्री बांधून खाली चूल मांडतात, त्यातलाच हा प्रकार.

साधं ऑनिंग साधारण २ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब असतं. त्याखाली चार-पाच जण आरामात बसतात. पंख्यासारखं उघडून गाडीची बाजू आणि मागची डिकी दोन्ही झाकणारं ऑनिंगही मिळतं, पण ते वजनाला आणि किमतीला जास्त असतं.

ते टपावरच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने बसवतात. काही गाड्यांवरचे रूफ रेल केवळ शोभेचे असतात, त्यांच्यावर वजन टाकता येत नाही. टप किती किलो भार पेलू शकतो, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. त्यामुळे टपाला भोकं पाडण्याआधी किंवा वेल्डिंग करण्याआधी आरटीओकडे चौकशी केलेली बरी.

गाडी कोणत्या दिशेला उभी करावी?

वर्धा साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली कापडाच्या बरोबर खाली पडते. दोन वाजल्यानंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं आणि सावली पूर्वेकडे सरकते.

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून ऑनिंगही सहसा डाव्या बाजूला, रहदारीच्या विरुद्ध अंगाला लावतात. गाडीचं तोंड दक्षिणेकडे केलं की ऑनिंग पूर्वेला येतं आणि दुपारचं तिरपं ऊन गाडीच अडवते. सकाळी मुक्काम असेल तर याच्या उलट करावं.

मात्र सावलीत हवेचं तापमान कमी होत नाही, फक्त अंगावर पडणारं ऊन थांबतं. ४५ अंशांत ऑनिंगखाली बसूनही उष्माघात होऊ शकतो. लहान मुलं आणि वयस्क माणसं सोबत असतील तर अशा दिवसांत दुपारचा मुक्काम टाळलेलाच बरा.

वारा आणि पावसाचं गणित

विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक वावटळ उठते किंवा अवकाळी पाऊस येतो. २ बाय २.५ मीटरचं ऑनिंग म्हणजे ५ चौरस मीटर कापड. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा या कापडाला समोरून भिडला तर त्यावर सुमारे ५५ किलो वजनाइतका जोर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एवढ्यात खुंट्या उपटतात, नळ्या वाकतात आणि सुटलेला पाय जवळच्या माणसाला लागू शकतो.

पावसाचंही तसंच. ५ चौरस मीटर कापडावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ५ लिटर पाणी होतं. कापड सैल असेल आणि मध्ये झोळ पडला तर १० मिलिमीटर पावसात ५० किलोपर्यंत पाणी साचू शकतं. म्हणून रिमझिम पावसात बाहेरचा एक पाय खाली घेऊन कापडाला उतार द्यावा आणि वारा सुटताच ऑनिंग गुंडाळावं. मुक्कामाला राहणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी ते बंद करावं.

विजा चमकत असतील तर ऑनिंगखाली थांबू नये. त्याचे धातूचे पाय आणि उघडी जागा विजेपासून संरक्षण देत नाहीत. गडगडाट ऐकू येताच पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसावं, काचा बंद कराव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. वारा-पाऊस सुरू झाला असेल तर सामान आवरत बसू नये. ऑनिंग गेलं तर जाऊ द्यावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं.

काळी माती आणि वाळू

वर्ध्याच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे तिथे खुंटी नीट धरत नाही. पावसाने भिजली की हीच माती चाकांना चिकटते आणि गाडी रुतते. पाणी ओसरलेल्या धरणाच्या पात्रात वरचा थर वाळलेला दिसला तरी खाली गाळ ओला असतो. त्यामुळे गाडी पक्क्या जमिनीवरच ठेवावी आणि दोर लांब खुंट्यांना किंवा पाण्याने भरलेल्या कॅनना बांधावेत.

समृद्धी महामार्गामुळे वर्ध्याहून कोकणात गाडीने जाणं सोपं झालं आहे. समुद्रकिनाऱ्यावर साधी खुंटी वाळूत टिकत नाही. तिथे वाळूने भरलेली पिशवी दोराला बांधून खड्ड्यात पुरतात. गाडी मात्र पुळणीवर न उतरवता पार्किंगमध्येच ठेवावी, कारण भरतीच्या वेळी रुतलेली गाडी काढायला वेळ मिळत नाही. घरी आल्यावर कापड आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत, नाहीतर गंज आणि बुरशी धरते.

कुठे लावता येत नाही?

सेलू तालुक्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. सफारीत गाडीतून उतरण्यास मनाई असते आणि अभयारण्यात आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. धरणांच्या काठी थांबण्यापूर्वी पाटबंधारे किंवा वन विभागाकडे चौकशी करावी, शेतात थांबायचं तर मालकाला विचारावं. जिल्ह्यात दारूबंदी आहे, हेही बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ऑनिंगखाली गॅसची शेगडी पेटवायची असेल तर ती कापडापासून दूर, मोकळ्या बाजूला ठेवावी. चारही बाजूंनी पडदे लावलेले असताना शेगडी, कोळसा किंवा गाडीचं इंजिन सुरू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो.

विकत घेतल्यावर ऑनिंग आधी घराच्या अंगणात दोन-तीनदा उघडून गुंडाळून पाहावं. उघडायला दहा मिनिटं लागली तरी चालतात, पण वारा सुटल्यावर ते दोन-तीन मिनिटांत बंद करता आलं पाहिजे.