बंदिवानांचा थकलेला पगार



युद्धकैद्यांचा इतिहास म्हटला की आपल्याला पलायनाच्या कथा आठवतात. भुयारे, खोटे परवाने, अंधारात ओलांडलेली सरहद्द. माझे आयुष्य मात्र कारखान्याच्या फाटकावर गेले. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी हजेरीपटाकडे जाते. हा माझा दोष म्हणा, की सवय म्हणा. आजची हकीकत दुसऱ्या महायुद्धातील फ्रेंच सैन्याच्या कैद्यांची आहे. पण तिच्या मुळाशी थकलेला पगार आहे.

१९४० च्या मे-जूनमध्ये सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. सुमारे १८ लाख सैनिक कैद झाले आणि त्यांतील सुमारे १६ लाख जर्मनीत नेले गेले. १९२९ च्या जिनेव्हा कराराप्रमाणे अधिकाऱ्यांकडून सक्तीने काम घेता येत नसे. साध्या शिपायाकडून घेता येई. म्हणून बहुतेक शिपाई शेतांवर, खाणींत आणि कारखान्यांत जुंपले गेले. पुढे तर या माणसांचा भावही ठरला. जून १९४२ मध्ये व्हिशी सरकारचे प्रमुख लाव्हाल यांनी योजना जाहीर केली, ती अशी की तीन कुशल कामगार जर्मनीस गेले तर एक कैदी सुटेल. स्वखुशीने जाणारे पुरेसे मिळेनात, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये सक्तीचा कायदा आला.

याच फ्रेंच सैन्यात आफ्रिकेतील वसाहतींचे शिपाईही होते. त्यांना 'सेनेगाली' म्हणत, पण ते पश्चिम आफ्रिकेच्या अनेक मुलखांतून आलेले होते. जून १९४० मध्ये लिआँजवळ शासले येथे शरण आलेल्या अशा काळ्या शिपायांना जर्मनांनी वेगळे काढून यंत्रबंदुकांनी मारले. जे वाचले त्यांना जर्मन भूमीवर पाऊल ठेवू द्यायचे नाही, असे वंशाभिमानी राज्यकर्त्यांनी ठरवले. म्हणून त्यांच्या छावण्या फ्रान्समध्येच राहिल्या. जंगलतोड, शेती, रस्ते अशी कामे त्यांच्याकडून करून घेतली. १९४३ पासून तर काही ठिकाणी पहाऱ्यावर जर्मनांऐवजी फ्रेंच अधिकारी आले. ज्यांच्यासाठी लढलो तेच पहारेकरी झाले, याहून कडू घोट कोणता?

१९४४ मध्ये फ्रान्स मुक्त झाला आणि या शिपायांना घरी धाडण्याचे ठरले. कैदेतल्या वर्षांचा पगार त्यांना येणे होता. त्यातला चौथा हिस्सा फ्रान्समध्ये आणि बाकीचा आफ्रिकेत उतरल्यावर, असा सरकारी हुकूम होता. मोर्ले बंदरात काहींनी रोख हातात पडल्याशिवाय जहाजावर पाय ठेवण्यास नकार दिला. बाकीचे शब्दावर विश्वासून चढले. २१ नोव्हेंबरला ते डाकारला उतरले आणि जवळच्या थियारोये छावणीत त्यांना ठेवण्यात आले.

उरलेले पैसे मिळेनात. २८ नोव्हेंबरला शिपायांची एक तुकडी बामाकोला जाण्यासाठी निघणार होती. 'आधी हिशेब, मग प्रवास', असे त्यांचे म्हणणे पडले. जनरल दान्याँ समजूत घालण्यास आले, तेव्हा शिपायांनी त्यांची मोटार अडवली. त्यांनी आश्वासन दिले, वाट मोकळी झाली, आणि ते परतले ते बळाच्या प्रयोगाची तयारी करण्यासाठीच. १ डिसेंबरच्या सकाळी रणगाडा आणि चिलखती गाड्यांसह फौजेने छावणीला वेढा घातला आणि गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा ३५ आहे. दुसऱ्या एका सरकारी कागदात ७० आहे. खरा आकडा याहून मोठा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. जे जगले त्यांच्यापैकी ३४ जणांना १९४५ मध्ये बंडखोर म्हणून शिक्षा झाल्या.

श्रोतेहो, मला त्या अडवलेल्या मोटारीपाशी क्षणभर थांबू द्या. एका कारखान्यात सात महिन्यांचा पगार थकला होता, तेव्हा आम्हीही व्यवस्थापकांची मोटार फाटकात अडवली होती. दुसऱ्या दिवशीच्या फिर्यादीत मोटारीचा नंबर होता, अडवण्याची वेळ होती, घोषणाही होत्या. नव्हता तो फक्त पगाराचा उल्लेख. थियारोयेच्या कागदांतही हेच घडले. मागणी गळाली आणि 'बंड' तेवढे उरले. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती गुन्ह्याचे नाव ठेवणे.

१९४७ पर्यंत शिक्षा झालेल्यांना माफी मिळाली. पण माफी म्हणजे निर्दोषपणा नव्हे. बडतर्फ कामगाराला 'दया म्हणून' परत घेतात, तेव्हा तो भाकरीसाठी आत जातो खरा, पण मान खाली घालून जातो. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या घटनेला 'हत्याकांड' असा शब्द वापरला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी. त्याच वर्षी मृतांपैकी सहा जणांना 'फ्रान्ससाठी मृत्यू पावलेले' ही मान्यता मिळाली. २०२५ मध्ये सेनेगलने तेथील कबरस्तानात उत्खनन सुरू केले.

सहा नावे झाली. बाकीची अजून मातीत आहेत, आणि पगाराचा तो रकाना कोराच राहिला आहे. मागणारे मेले म्हणून येणे बुडत नाही, एवढे तरी आपण येथून ध्यानात ठेवून जाऊ या.