ओतूरचे एक लग्न

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या आश्रयाने एकमेकांस लागून वसले आहेत. शिवनेरीचे नाव घेतले की या मुलखाची ओळख पटते. परंतु न्यायासाठी येथे झालेला एक झगडा गडावर झाला नाही. तो जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी, एका शेतकऱ्याच्या लग्नमंडपात सुरू झाला.

१८८४ साली ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील डुंबरे यांनी आपल्या घरचे लग्नकार्य पुरोहितावाचून उरकले. आज या गोष्टीचे कोणास फारसे नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र गावजोशी हा वतनदार असे. लग्ने लावणे हा त्याचा वंशपरंपरागत हक्क व दक्षिणा ही त्याची मिळकत. यजमानाने दुसऱ्याच कोणाकडून विधी करविला, तरीही गावजोशाला आपला हक्क मागता येतो, असे मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत आली होती. तेव्हा ओतूरच्या जोशांनी पाटलांवर दावा लावला, यात आश्चर्य नाही. ज्या विधीला जोशी बोलावलाच नाही, त्याची दक्षिणा द्यावी की नाही, असा तो प्रश्न होता.

दक्षिणेचे चार रुपये टाकले असते तर तंटा तेथेच मिटला असता. कोर्टकचेरीचा खर्च व गावातील वैर यांपुढे ती रक्कम ती काय! मग एका पाटलाने हा त्रास का पत्करावा? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. ते श्रद्धेत सापडते.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. ईश्वर एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत आणि लेकराला पित्याची भेट घेण्यास मध्यस्थ लागत नाही, ही त्या समाजाची धारणा. ईश्वराला जोतीराव 'निर्मिक' म्हणत. या समाजाला धर्मबुडवा म्हणणारे पुष्कळ होते. पण देवच न मानणाऱ्यास मध्यस्थ असला काय आणि नसला काय, सारखेच. ज्याला देवाशी थेट बोलावयाचे असते, त्यालाच मध्यस्थाची अडचण होते. ओतूरला हा विचार अगदी परका वाटण्याचे कारण नव्हते. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात ज्यांचा अनुग्रह झाला, ते हेच बाबाजी, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

जोतीरावांनी विधी मोडून मंडप सुना ठेवला नाही. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मंगलाष्टकांत वधूवर स्वतःच बोलतात; वधू स्त्रियांच्या हक्कांची गोष्ट काढते आणि वर तिला वचन देतो. देवापुढे सारे समान, हे एकदा मनापासून मानले की ती समता घरातील स्त्रीपर्यंत पोहोचतेच; उंबऱ्याशी तिला थांबविता येत नाही.

जोतीरावांच्या आयुष्याचा क्रमही हेच सांगतो. १८४८ साली मुलींची शाळा, पुढे विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद. कामे निरनिराळी, पण मुळाशी निष्ठा एकच. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली. तत्पूर्वीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले होते. सावित्रीबाईंनी समाजाचे काम पुढे चालविले आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करताच देह ठेवला.

ओतूरचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९० साली तेथे निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला: पुरोहितास बोलाविणे यजमानावर बंधनकारक नाही, व न बोलाविलेल्या पुरोहितास दक्षिणा मागता येत नाही. जोतीरावांच्या अखेरच्या वर्षातील हा निकाल होय. तथापि एका निकालाने जुनी वहिवाट संपत नाही. पुढे सीताराम केशव बोले यांनी हा प्रश्न मुंबई कायदेमंडळात लावून धरला आणि १९२६ साली असे हक्क रद्द करणारा कायदा झाला. ओतूरच्या मंडपापासून त्या कायद्यापर्यंत बेचाळीस वर्षे लोटली.

इतका काळ जी गोष्ट तग धरते, ती केवळ रागावर तग धरीत नाही. अन्यायाची चीड माणसाला उठवून उभे करते. पण वर्षानुवर्षे उभे ठेवण्यास काही मानलेले असावे लागते. ओतूरच्या पाटलांनी व त्यांच्या सोबत्यांनी ते मानले होते. म्हणूनच एका घरचे लग्न साऱ्या इलाख्याचा प्रश्न होऊ शकले.