ऊस : खोडकिड्यांचे रासायनिक नियंत्रण

उसाचे खोड पोखरणाऱ्या किडींपैकी खोडकिडा (कायलो इन्फस्कॅटेलस), कांडी किडा व शेंडेकिडा या भारतातील प्रमुख किडी होत. खोडकिड्याचा मादी पतंग पानांवर पुंजक्यांनी अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोडा काळ पर्णकोशाआड राहून जमिनीलगत कोंबात शिरते व वाढबिंदू खाते. त्यामुळे पोंगा वाळतो व ओढताच निघून येतो. अळी आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून विष तिच्या वाटेवर आधीच असावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या बीएचसी, लिंडेन, एंड्रिन इ. क्लोरीनयुक्त कीटकनाशकांमुळे ही अडचण दूर झाल्यासारखी वाटली. मातीत दीर्घकाळ टिकणे हा त्यांचा गुण मानला गेला. पुढे तोच दोष ठरला. त्यांचे अवशेष माती, पाणी व प्राण्यांची चरबी यांत साठतात, तसेच किडींचे नैसर्गिक शत्रूही मरतात. भारतात एंड्रिनवर १९९० मध्ये व बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली व लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद झाला.

त्यांच्या जागी आलेले क्लोरँट्रानिलिप्रोल अल्प मात्रेत परिणामकारक आहे. तथापि वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे दुष्कर असल्याने कांडी किड्यासाठी ट्रायकोग्रामा या अंडी-परजीवी कीटकावरच मुख्यतः भिस्त असते. बाळबांधणी, पाचटाचे आच्छादन व किडके कोंब काढणे हे जुने उपाय आजही आवश्यक आहेत. कीटकनाशक हे त्यांना पूरक होय, पर्याय नव्हे.