सहजीवनाची जनुके : मूळगाठी आणि कवकमूळ

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत ऱ्हायझोबियम जीवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात. ही शिंबी कुळाची स्वतंत्र मिरासदारी वाटते. जनुकीय पुराव्याने मात्र ती एका जुन्या व्यवस्थेची वाढीव शाखा ठरवली आहे. २००२ मध्ये नॉर्विच येथील मार्टिन पार्निस्के यांच्या गटाने लोटस जॅपोनिकस ही शिंबी कुळातील वनस्पती व वाटाणा यांतील ‘सिमआरके’ जनुक ओळखले. ते बिघडलेल्या रोपांत गाठी होत नाहीत आणि मुळांशी सहजीवन करणारे कवकही (कवकमूळ) नीट नांदत नाही. कवकाशी वनस्पतींचा हा सोयरेपणा स्कॉटलंडमधील ऱ्हायनीच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत दिसतो. गाठी त्याहून कितीतरी अलीकडच्या.

अशी जनुके मुळाच्या सर्वसाधारण आरोग्याचीच असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण अशाच दुसऱ्या, ‘सीसीएएमके’ जनुकाची भातातील प्रत, ते जनुक बिघडलेल्या मेडिकागो या शिंबी कुळातील वनस्पतीच्या रोपात घातल्यावर गाठी पुन्हा आल्या. भाताला स्वतःला गाठी नसतात, कवकाची साथ मात्र असते; म्हणजे जनुकाचे काम सहजीवनाचे संकेत वाचण्याचेच. मग भाताला गाठी का नाहीत? कारण संकेत वाचणे वेगळे आणि गाठ घडवणे वेगळे. त्यासाठी लागणारे ‘निन’ जनुक १९९९ मध्ये लोटसमध्ये सापडले. २०१८ च्या जीनोम-तुलनेत गाठी असलेल्या वनस्पतींच्या अनेक बिनगाठी नातलगांत नेमके तेच हरवलेले किंवा मोडलेले आढळले. म्हणून एखादे जनुक घालून गव्हाला गाठी येतील, ही अपेक्षा भाबडी आहे. केंब्रिजमध्ये जाइल्स ओल्ड्रॉइड यांच्या गटाने धान्यपिकांवर याच दिशेने काम केले. पण नायट्रोजन स्थिर करणाऱ्या गाठींचे धान्यपीक अजून शेतात आलेले नाही.