साडेतीन मिनिटांची भैरवी

पार्ल्याला लोकलमध्ये चढून केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ लावली, की अंधेरीच्या आसपास संपते. साडेतीन मिनिटं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम एवढंच मावायचं. टेप येण्याआधी तर गाणं थेट मेणावर कोरलं जाई. चुकलं की नवी तबकडी, पुन्हा पहिल्यापासून.

अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येला ध्वनिमुद्रण फारसं आवडत नसे. मला ते पटतं. एमपीथ्री करताना आम्ही कानाला न जाणवणारं तेवढं गाळतो. तबकडीसाठी ख्यालाचा विस्तारच कापावा लागे.

१९७७मध्ये ही भैरवी व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. मी अजून त्यांचा तासभराचा ख्याल शोधतोय.