लांकडी पूल आणि त्याच्या खांबांचें कवच

बुधवार पेठेंतील बेलबागेवरून लक्ष्मी रस्त्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे मुठेवरील लांकडी पूल लागतो. बांधणी दगडी, रूढ नांव लांकडी, आणि सरकारी नांव संभाजी पूल! पानिपतचें युद्ध १४ जानेवारी १७६१ चें. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. ह्या दोहोंच्या दरम्यान त्यांनीं हा पूल घाईनें उभारविला, अशी परंपरा आहे. ती खरी धरल्यास कामास फार तर पांच महिने, तेहि पावसाळ्याच्या आंतील, मिळतात. दगड सोडून लांकूड कां घेतलें, ह्याचें उत्तर आम्हांस ह्या तारखांतच दिसतें.

लांकडास पाण्यापेक्षां ओलें-सुकें होणें अधिक बाधतें. सतत बुडालेला खुंट दीर्घकाळ टिकतो. पाणी जेथें चढतें-उतरतें, तेथें तो कुजतो. शिवाय पुरांत उन्मळून आलेले वृक्ष खांबांवर आदळतात. म्हणून खांबापुढें निराळ्या मेढी रोवून त्यांस आडव्या फळ्या ठोकण्याची रीति अनेक देशांत आहे. मेढींनीं धक्का सोसावा, प्रसंगीं मोडावें, आणि त्या बदलाव्या; खांब शाबूत राहावा. मेढी खांबासच जखडल्या तर धक्का खांबास पोंचतो व सर्व खटाटोप व्यर्थ होतो. दगडी पुलांत प्रवाहाकडील टोकदार तोंड पाणी दुभंगतें. तेथें निखळलेला चिरा वेळींच बसविणें हीच डागडुजी.

मोठ्या जलमार्गांवर ओंडक्याच्या जागीं जहाज येतें. अमेरिकेंतील बाल्टिमोरचा १९७७ सालीं खुला झालेला पूल २६ मार्च २०२४ रोजीं मालवाहू जहाजाच्या धडकेनें कोसळला व सहा कामगार मृत्यु पावले. खांबांभोवतींचें कवच अपुरें पडलें. आमचा लांकडी पूल १८४० च्या सुमारास पुरांत वाहून गेला, व पुढें दगडी झाला.

संग्राहकांचा ओढा सनदा व राजपत्रें यांकडे असतो, तो योग्यच. परंतु मेढी बदलल्याची नोंद सनदेंत यावयाची नाहीं. बखरकारास तर तिचें सोयरसुतकहि नसतें. ती सुतार-लोहारांच्या रोजमुऱ्यांत व लांकूडखरेदीच्या यादींतच शोधावी. अशा याद्या रद्दी समजून रुमालांतून काढूं नयेत. त्यांवरील मुसलमानी महिना चांद्र असल्यानें त्यावरून ऋतु कळत नाहीं; सुहूर सन मृगारंभीं बदलतो, म्हणून सन व महिना जुळवून तारीख काढावी. ती मृगापूर्वीची असल्यास नेमाची डागडुजी, पावसाळ्यानंतरची असल्यास बहुधा पुरानें मोडल्याची भरपाई समजावी.