काजळीची शाई आणि छायाचित्रांची शाई

शाईच्या किमतीचा विचार आम्हांला करावा लागला, तो एका प्रदर्शनामुळे. खानदेशातील एका घरी जपलेल्या पोथीच्या पानांची डिजिटल छायाचित्रे काढून आम्ही ती विभागाच्या प्रिंटरवर मोठ्या आकारात छापली. हिशोबात कागदाहून शाईचा आकडा मोठा निघाला. पुढे वर्षभरात भिंतीवरच्या चित्रांचे रंग विटले. मूळ पोथीची अक्षरे मात्र काळीभोरच होती. असे का व्हावे?

उत्तराचा एक धागा धुळ्यातच सापडतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. तरुणपणी बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे, इथपर्यंत समर्थांचा विचार पोहोचला आहे. लिहिणे म्हणजे पुढच्या वाचकाची सोय पाहणे, ही त्यामागची दृष्टी.

त्या काळची शाई काजळी, डिंक आणि पाणी यांची. दिव्यावर काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ खलायची. साहित्य स्वस्त, मेहनत मोठी. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने विटत नाही. या शाईचा शत्रू पाणी. हिराकस आणि हिरडा यांची शाई कागदात मुरते खरी, पण तिच्यातील आम्लता कालांतराने कागदच खाते.

इंकजेटची कथा वेगळी आहे. 1977 मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली डाखणी चुकून शाईच्या सुईला लागली आणि थेंब उडाला. त्यातून उष्णतेने शाई उडवण्याचे तंत्र आले. 1984 मध्ये एचपीचा थिंकजेट बाजारात आला. पुढे प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, अशी व्यापाराची रीत रूढ झाली. शिवाय बरीच शाई छिद्रे साफ राखण्यातच खर्ची पडते. वापरलेले कार्ट्रिज पुन्हा भरून विकण्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017 च्या निकालाने, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर उत्पादकाचा पेटंटहक्क उरत नाही, असे ठरले. 2010 पासून आलेल्या टाकीच्या प्रिंटरांनी खर्च पुष्कळ उतरवला.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र किमतीने सुटत नाही. विरघळणाऱ्या रंगाची शाई झळाळते, पण उजेडाने आणि हवेतील ओझोनने विटते. रंगकणांची शाई अधिक टिकते. आणि तिच्यातला काळा रंग बहुधा कशाचा असतो? कार्बनचा, म्हणजे काजळीचाच!

शाई कशावर खर्चावी, हा प्रश्न यापुढचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, नकला केल्या. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि मावसभावाने त्यांची गाणी उतरून घेतली, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर 1952 मध्ये ती छापली जाऊ शकली. त्या वहीला किती पैशांची शाई लागली असेल?

आज आमचे विद्यार्थी आजीची हजार छायाचित्रे फोनमध्ये बाळगतात. कागदावर एकही नसते, कारण शाई महाग. फोन बिघडला की सारे गेले. म्हणून आम्ही त्यांना एवढेच सुचवतो, की हजारांतून पाच निवडा, टिकाऊ शाईत छापा आणि मागे नाव, गाव व साल लिहा. निवड करणे हेही संपादनच आहे, आणि ते आपल्याच घरापासून शिकता येते.